वर्गात २४, पोर्टलवर १९

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की आमच्या गावातली अर्धी घरं बिऱ्हाड बांधून उसाच्या फडावर निघायची आणि वर्ग निम्मा व्हायचा. डी.एड. करून कोकणातल्या एका कातकरी वाडीवर नेमणूक मिळाली तेव्हा बोली, पाऊस, चढण सगळं नवं होतं. ओळखीचं होतं ते एवढंच, की इथेही दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो. तिकडे ऊस, इकडे वीटभट्टी.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि एक किचन शेड. आम्ही दोन शिक्षक. सर माझ्याहून सिनियर, म्हणून मुख्याध्यापकाचा पदभार त्यांच्याकडे. पदभारामुळे पगारात काही वाढत नाही, कपाटाच्या किल्ल्या तेवढ्या वाढतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये आसपासच्या शाळांच्या केंद्रावर बैठक लागली. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा, करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं पुढे केली जात होती. राज्यात अशा १४,७८३ शाळा आहेत आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकतात, हा आकडा तेव्हाच पेपरात आला. मी निवांत बसले होते, कारण आमचा पट २४. केंद्रप्रमुखांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "मॅडम, हजेरीवरचा नको. पोर्टलवर आधार व्हॅलिड किती?"

व्हॅलिड होते १७.

ज्यांचा शाळेशी रोजचा संबंध नाही त्यांना हे सांगावं लागतं. शाळेत किती शिक्षक असावेत हे ठरतं संच मान्यतेत. संच मान्यता होते ३० सप्टेंबरच्या पटावर. आणि पट धरला जातो तो ज्या मुलांचा आधार क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि लिंग विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर तंतोतंत जुळतं त्यांचाच. उरलेली मुलं बाकावर असतात, पाढे म्हणतात, खिचडी खातात, भांडतात. पण शिक्षक मोजायच्या वेळी ती नसतात.

आमच्या सातांपैकी तिघांचा जन्म घरी झालेला. नोंद नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून आधार नाही. एकाच्या कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आणि वय त्याच्या थोरल्या बहिणीपेक्षा जास्त. एकीचं नाव शाळेत एक, कार्डावर दुसरं, आईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्ही तिचीच हायत, बाई." एकाचं कार्ड भट्टीवर भिजून गेलं आणि नंबर कुणालाच पाठ नाही. सातवी मुलगी सगळ्यांत अवघड. तिची कागदपत्रं होती, पण मशीनवर तिची बोटंच उमटेनात. आठ वर्षांची पोर. भट्टीवर आईबापाबरोबर कच्च्या विटा पालथ्या करून करून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली.

सरांनी आणि मी ठरवलं, जेवढी जमतील तेवढी करू. आधार केंद्रावर जायला मिनीडोर ठरवली, जाऊन-येऊन ६०० रुपये, निम्मे निम्मे. मुलांबरोबर एकेक पालक हवाच, म्हणजे त्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडाली. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला ऑपरेटर जेवायला गेलेला, आला तेव्हा म्हणाला की दिवसाची टोकनं संपली. तिसऱ्या खेपेला दोघांचं काम झालं. एक तारीख दुरुस्त झाली, एक नाव. परतीच्या वाटेवर पोरांना वडापाव दिला आणि मिनीडोरमध्ये इतका कल्ला झाला की ड्रायव्हरने गाणी बंद केली.

कातकरी हे विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये मोडतात. महाराष्ट्रात असे तीन गट: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्यासाठी केंद्राची जनमन योजना आली आणि पुढे आधार आणि दाखल्यांचे कॅम्पही लागले. चांगली गोष्ट. पण आमच्याकडे कॅम्प लागला तेव्हा वाडी भट्टीवर गेलेली होती. वाडीत दोन म्हाताऱ्या, कुत्री आणि मी.

तर ३० सप्टेंबरला वर्गात २४, पोर्टलवर १९.

समूह शाळेबद्दल शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्यायची होती. प्रस्तावित शाळा साडेचार किलोमीटरवर, रस्त्याकाठच्या मोठ्या गावात. मध्ये एक ओढा, जूनपासून दसऱ्यापर्यंत त्याचा भरवसा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मी ते वाचून दाखवलं. सरांनी दुसरी बाजूही सांगितली, ती सांगायलाच हवी होती: तिकडे वर्गाला एक शिक्षक आहे, संगणक आहे, मैदान आहे, आणि दूरच्या मुलांसाठी वाहतूक भत्ता मिळतो. एका बापाने विचारलं, "गाडी कोण धाडनार? भत्ता येनार पोराच्या खात्यात. गाडीवाला आमच्या दारात येनार का, आन आला तं रोजचं पैसं आधी कोन देनार?" यावर सरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

खरं सांगायचं तर आमच्या बैठकीचा निकाल आधीच लागलेला होता, कारण पलीकडच्या वाडीचं उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं. १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचा निर्णय डिसेंबर २०१७ मध्ये झाला, त्याच सुमारास तिथली शाळा मिटली. मुलं शेजारच्या शाळेत 'समायोजित' झाली. कागदावर एकही मूल शाळाबाह्य नाही. मी तिथे घरोघर फिरले आहे. पहिला पावसाळा संपेपर्यंत धाकट्यांनी सोडलं, नंतर थोरल्या मुलींना धाकट्यांजवळ घरी ठेवलं. त्या वाडीतली तीन मुलं पायवाटेने अडीच किलोमीटर उतरून आमच्याकडे येत होती. २४ मध्ये ती तिघंही होती.

आमचा ठराव एकमताने झाला, शाळा इथेच राहावी. अंगठे आणि सह्या घेऊन तो वर पाठवला.

शाळा राहिली. आता ती कशावर चालते ते सांगते.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, तेही पटावर. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार. ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. वर बसलेला कुणी म्हणेल, छोट्या शाळेला माणशी जास्तच मिळतात. हिशेब बरोबर आहे. आमच्या २४ मुलांना माणशी ४१६ रुपये, साडेचार किलोमीटरवरच्या २४० मुलांच्या शाळेला माणशी २०८. पण विजेचं बिल माणशी येत नाही. कौलं माणशी फुटत नाहीत. पावसात शाळेचं छप्पर मुलं मोजून गळत नाही. वर त्यातली निदान १० टक्के रक्कम स्वच्छतेवरच खर्च करायची असते. ते योग्यच आहे, फक्त पाणी खिचडी शिजवणाऱ्या मावशी डोक्यावरून आणतात.

आणि ते १० हजार एकदम येत नाहीत. त्या वर्षी मार्चपर्यंत निम्मेच आले. आले म्हणजे खात्यात जमा झाले असंही नाही. खातं शून्य शिलकीचं. त्यावर खर्चाची मर्यादा येते. ऑनलाइन नोंद करायची, दुकानदाराचं खातं जोडायचं, पीपीएची, म्हणजे बँकेला द्यायच्या पैसे-भरणा आदेशाची, प्रिंट काढायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या, बँकेत नेऊन द्यायची. बँक १४ किलोमीटर. आणि ३१ मार्चपर्यंत हे झालं नाही तर मर्यादा परत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही झेडपी शिक्षकाला भेटा, तो शिकवत नसतो, तो प्रिंटरच्या दुकानात उभा असतो.

त्या ५ हजारांतून काय झालं ते वहीत आहे. विजेचं थकलेलं बिल. शाळेला घरगुती दर लागत नाही, आणि मीटर काढून नेण्याची नोटीस आलेली. खडू, डस्टर, दोन हजेरीपत्रकं. कौलं आणि ती चढवणाऱ्याची मजुरी. फिनेल, झाडू, साबण. एक कुलूप. उरले ४० रुपये, ते मर्यादेबरोबर परत गेले. ग्रंथालय, क्रीडा साहित्य, विज्ञान पेटी ही नावं आराखड्यात सुंदर अक्षरात लिहिलेली आहेत. अक्षर माझंच.

मोठ्या गावातली शाळाही झेडपीचीच, तिलाही अनुदान उशिराच येतं. पण तिथे माजी विद्यार्थी आहेत. कुणी टीव्ही देतो, कुणी रंग देतो, देवस्थानाकडून वह्या येतात. वरून पैसा कमी पडला की जी भर पडते तिला आमच्या भाषेत 'लोकसहभाग' म्हणतात. आमच्या वाडीचे माजी विद्यार्थी भट्टीवर असतात. त्यांचा सहभाग म्हणजे पावसाळ्यापूर्वी शाळेभोवतीचं गवत काढणं आणि किचन शेडला लाकडं आणून टाकणं. ते दर वर्षी न बोलावता येतात. या सहभागाला बिल नाही, म्हणून तो कुठल्या रकान्यात भरायचा हे मला कळलेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये संच मान्यतेचे नवे निकष आले आणि जूनमध्ये आमची संच मान्यता हातात पडली. मंजूर पदं: एक. सर अतिरिक्त ठरले. 'अतिरिक्त' हा शब्द सेवापुस्तकात साधाच दिसतो. पण २२ वर्षं शिकवलेल्या माणसाला तो वाचताना मी पाहिलंय. सरांनी चष्मा पुसला, परत वाचलं, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "दुसऱ्या कपाटाची किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते."

मग मी एकटी. चार वर्ग, चार इयत्तांची भाषा, गणित, इंग्रजी. पहिलीला मुळाक्षरं द्यावीत तर चौथी भागाकारात अडकते. चौथीला समजवावं तर पहिलीतला एक जण दप्तर घेऊन घरी निघालेला असतो. मधल्या वेळेत पोषण आहाराची नोंद, तांदळाचा साठा, कुठल्या तरी ॲपवर फोटो, आणि रेंजसाठी आंब्याच्या झाडाखाली जाणं. केंद्रावर बैठक असली की शाळा मावशींवर. मावशी स्वतः दुसरी शिकलेल्या, त्यांना मानधन महिना अडीच हजार. त्या सगळ्यांना ओळीत बसवून गोष्ट सांगायच्या. त्या वर्षी मुलांना सर्वांत जास्त काय आलं तर गोष्टी.

गणवेशाची कथा वेगळीच. त्या वर्षी कापड वरूनच एकगठ्ठा येणार होतं. आमच्याकडे गणवेश आले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि दुसरीच्या मुलाची पँट चौथीच्या मुलाला बसली. एवढंच पुरे.

२५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून राज्यभर मोर्चे काढले. संच मान्यतेचे निकष मागे घ्या आणि कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी नेमणुका नकोत, या मुख्य मागण्या. मी गेले. शाळा एकशिक्षकी होऊ नये म्हणून घोषणा देताना लक्षात आलं, की मी इथे उभी आहे म्हणून आज माझी शाळा शून्यशिक्षकी आहे. शेजारच्या बाईंना हे सांगितलं. आम्ही दोघी हसलो, मग दोघींनाही हसू आवरतं घ्यावं लागलं.

दिवाळीनंतर कंत्राटी शिक्षिका आली. महिना १५ हजार. तेवीस-चोवीस वर्षांची, जवळच्याच गावातली, डी.एड. झालेली आणि तोवर मोबाइलच्या दुकानात काम करणारी. मोर्चात मी जिच्या नेमणुकीविरुद्ध ओरडले तीच ही मुलगी, आणि तिने पहिल्या आठवड्यात पहिली-दुसरी अशी काही हातात घेतली की मला माझीच लाज वाटली. तिचा मुद्दा साधा होता: "बाई, तुमचा पगार मला नकोय हो. पण जूनमध्ये मी असेन की नाही, एवढं तरी कुणी सांगावं." फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकांचा शासन निर्णयच रद्द झाला. मे महिन्यात ती गेली. पहिलीतली मुलं तिच्या हाताखाली वाचायला लागली होती. मोबाइलच्या दुकानात तिची जागा भरलेली होती.

आता अंडी.

नोव्हेंबर २०२३ पासून पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे ५ रुपये. आमच्याकडे केळं मागणारं कुणी निघालं नाही. अंड्याच्या दिवशी हजेरी शंभर टक्के, तापातून उठलेलं पोरसुद्धा यायचं. मावशी अंडी सोलून देत नसत, "तुमची तुम्ही सोला" म्हणायच्या. मुलं ती इतकी सावकाश सोलत की मधली सुट्टी लांबवावी लागे. आधी पांढरं खायचं, पिवळा गोळा शेवटी. एक मुलगी पिवळं फ्रॉकच्या खिशात घालून घरी धाकट्या भावासाठी न्यायची. मी एकदा तिला रागावले होते, खिसा खराब होतो म्हणून. त्या रागावण्याचा मला अजून त्रास होतो.

जानेवारी २०२५ च्या शेवटी शासन निर्णय आला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ आता ऐच्छिक. अंडी आणि साखर यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही. द्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावं. वाचवलेली रक्कम वर्षाला ५० कोटींच्या घरात, असं पेपरात होतं. राज्याच्या हिशेबात ही रक्कम किती मोठी ते मला कळत नाही. माझ्या वहीत ती आठवड्याला १२० रुपये होती.

समितीची बैठक घेतली. वाडीत चार-पाच बायाच उरलेल्या, बाकी भट्टीवर. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोंबड्या हायत ना. घरटी एक अंडं दिलं तं?" दोन आठवडे तसं झालं. गावठी अंडी, लहान, कुणाच्या पदरात, कुणाच्या ओंजळीत. मग कोंबड्यांवर मर आली. पुढचे दोन आठवडे मी आणले. नंतर मीही थांबले. १२० रुपयांनी माझं काही अडत नव्हतं. पण गणवेश, मिनीडोर, झेरॉक्स, डेटा पॅक, सगळंच माझ्या पर्समधून निघायला लागलं की एके दिवशी माणूस उगाचच एका गोष्टीपाशी अडून बसतो. मी अंड्यापाशी अडून बसले. मुलांनी एकदाच विचारलं, "बाई, अंड्याचा वार बदलला का?" मी हो म्हटलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी भट्टीवर गेले. चौथीतली ती बोटं न उमटणारी मुलगी तिथे होती. स्थलांतरात जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड मी दिवाळीआधीच तिच्या आईकडे दिलेलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत झोपडीच्या कुडात खोचून ठेवलेलं सापडलं. भट्टीजवळच्या शाळेत दाखवलं का, असं विचारलं. दाखवलं होतं. शाळेने नाही म्हटलं नाही, बसवून घेतलं. चार दिवस गेली, मग आईचा पाय भाजला. मी तिचा हात पाहिला. मग तिलाच विचारलं, विटा थापायला येतात का. तिने दाखवलं. मातीचा गोळा साच्यात आपटायचा, वरचं निपटून घ्यायचं, साचा उलटा. माझी वीट कोपऱ्याला मोडली. तिने हसून ती परत चिखलात टाकली.

१६ जून २०२५ ला शाळा उघडली. पाचवीला गेलेली मुलं गेली, पहिलीला नवी आली. भट्टीवरून सगळे परतलेले. सर मोठ्या गावातल्या शाळेत आहेत, सकाळी रस्त्यावर भेट होते. हजेरीवर २२ नावं. उन्हाळ्यात मी आणि अध्यक्षबाईंनी मिनीडोरच्या आणखी चार खेपा केल्या, त्यामुळे पोर्टलवर आता २० व्हॅलिड. दुसरं पद हवं असेल तर २१ लागतात, ३० सप्टेंबरच्या आत.

एकविसावा रोज येतो. त्या पिवळं घरी नेणाऱ्या मुलीचा भाऊ. आधार आहे, नाव जुळतं, बोटं उमटतात, सगळं व्यवस्थित. पण पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्याला होतात ९ जानेवारीला. तो पहिल्या ओळीत बसतो. हजेरी संपली, मी पत्रक मिटलं की ओरडतो, "बाई, माझं राहिलं!" मी पत्रक पुन्हा उघडते, नुसत्याच कोऱ्या ओळीवर बोट ठेवते आणि त्याचं नाव घेते.